पेटीचा भाता आणि बीपीचं मशीन

धान कापून झालं की वडसा-ब्रह्मपुरीकडे झाडीपट्टीची नाटकं सुरू होतात, ती पार उजाडेपर्यंत. वादकांमध्ये आता कीबोर्ड, ऑक्टोपॅड आलेत. पण आमच्या गावच्या मास्तरांना त्यांची जुनी पेटी सोडवत नाही. "याच पेटीतून बासरी काढून दे ना बा," ते म्हणाले, आणि मी सोल्डरिंगची कांडी घेऊन बसलो.

पट्ट्यांचं काम सोपं. ३९ पट्ट्या, प्रत्येकीखाली चण्याएवढं चुंबक आणि समोर ते जवळ आलेलं ओळखणारा हॉल सेन्सर. पट्टी दाबली की मायक्रोकंट्रोलर, म्हणजे एका चिपवरचा चिमुकला संगणक, बासरीचा आवाज काढणाऱ्या इलेक्ट्रॉनिक यंत्राला मिडी या वाद्यांच्या डिजिटल भाषेत तीन बाइटांचा निरोप धाडतो: अमुक सूर, अमुक जोर. ही भाषा १९८३ची, तरी निरोप एका मिलिसेकंदात पोचतो.

अडलं ते 'जोर' या शब्दापाशी. पियानोची पट्टी जोरात मारली की आवाज मोठा. पेटीच्या पट्टीवर कितीही बोट आपटा, ती फक्त खालचं भोक उघडते. पितळेची जीभ किती थरथरणार, हे भाता ठरवतो. मास्तरांनी भाता हलका केला, पेटी कुजबुजायला लागली आणि बासरी मात्र ठणाणा. "मेल्यावानी वाजून रायली," मास्तर म्हणाले. बरोबरच होतं त्यांचं.

म्हणजे हवेचा दाब मोजायला हवा. पेटीला नवं भोक पाडू द्यायला मास्तर तयार नव्हते, म्हणून एका बिघडलेल्या खुंटीच्या भोकातून नळी आत सरकवली. सेन्सर घेतला बंद पडलेल्या बीपीच्या मशीनमधला. फुकटचा होता, तिथेच फसलो. तो पाऱ्याच्या ३०० मिलिमीटरपर्यंतचा, म्हणजे पाण्याच्या साधारण चार मीटर उंचीइतका दाब मोजतो. पेटीतला दाब पाण्याच्या काही सेंटीमीटरांचा. मायक्रोकंट्रोलर त्या चार मीटरांच्या १,०२४ पायऱ्या करतो, एकेक पायरी चार मिलिमीटरची. चार सेंटीमीटरांत बसल्या जेमतेम दहा! मास्तर अभंगाची ओळ हळूहळू चढवत होते आणि बासरी जिना चढल्यासारखी टप्प्याटप्प्यानं मोठी होत होती.

कमी दाबाचा, पाण्याच्या एक मीटरपर्यंतचा सेन्सर मागवला. चाळीस पायऱ्या मिळाल्या. उरलेला खडबडीतपणा घालवायला लागोपाठच्या वाचनांची सरासरी काढली. हावरटपणानं दोनशे वाचनांची काढली, तर आवाज लोण्यासारखा झाला, पण भात्यामागे रेंगाळायला लागला. मिलिसेकंदाला एक याप्रमाणे आठ वाचनांवर जमलं. तेवढ्या वेळात आवाज हवेत पावणेतीन मीटर जातो. नटाचा आवाज वादकापर्यंत यायलाही साधारण तितकाच उशीर होतो, आणि त्याची तक्रार कधी कोणी केलेली नाही.

दोन्ही आवाज एकत्र लावले तर वेगळाच घोळ. पेटीचा सूर ४४३ हर्ट्झवर, बासरी ४४०वर. दर सेकंदाला तीन हेलकावे, ऐकून डोकं गरगरायचं. एरवी पेटीवाला कारागीर जिभेचं टोक खरवडून सूर चढवतो, मुळाशी खरवडून उतरवतो. इथे पितळाला हात न लावता प्रोग्रॅममधला एक आकडा बदलला. मास्तरांनी भाता सोडून दिला. पेटी आणि बासरी सोबतच विझत गेली, तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान हलवली आणि विचारलं, "लाइन गेली तं?"

बॅटरीचं काम अजून बाकी आहे.