संत ज्ञानेश्वर उद्यान, पैठण

छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात पैठण येथे जायकवाडी धरणाच्या पायथ्याशी, नाथसागर जलाशयालगत असलेले विस्तीर्ण उद्यान. येथील पर्यटनाचा इतिहास उद्यानापेक्षा पुष्कळ जुना आहे. सातवाहनांची राजधानी असलेल्या प्रतिष्ठानला, म्हणजेच आजच्या पैठणला, लोक शतकानुशतके येत आले ते गोदास्नानासाठी, संत एकनाथांच्या समाधीसाठी आणि फाल्गुन वद्य षष्ठीच्या नाथषष्ठीच्या यात्रेसाठी. ज्ञानेश्वरांनी रेड्याच्या मुखी वेद वदवले ती कथाही याच गावची. त्यामुळे जलाशयाला एकनाथांचे आणि उद्यानाला ज्ञानेश्वरांचे नाव मिळणे अगदी स्वाभाविक होते.

धरणाची कोनशिला १८ ऑक्टोबर १९६५ रोजी पंतप्रधान लालबहादूर शास्त्री यांच्या हस्ते बसवली गेली आणि २४ फेब्रुवारी १९७६ रोजी इंदिरा गांधी यांनी त्याचे उद्घाटन केले. मराठवाड्याच्या सिंचनासाठी शंकरराव चव्हाण यांनी या प्रकल्पाचा सातत्याने पाठपुरावा केला होता. जलाशयाने शंभराहून अधिक गावे बाधित केली, ही गोष्ट त्याच्या सौंदर्याचे वर्णन करताना सहसा सांगितली जात नाही. ती सांगितली गेली पाहिजे. धरणाच्या पायथ्याशी म्हैसूरजवळच्या वृंदावन उद्यानाच्या धर्तीवर या बागेत कारंजी, हिरवळी आणि फुलांचे ताटवे यांची रचना झाली. यात्रेकरू, शाळांच्या सहली आणि पैठणी विणणारे माग पाहायला येणारे प्रवासी एकाच फेरीत समाधी, धरण आणि बाग पाहू लागले. रंगीत दिव्यांतील संगीत कारंजे हे त्यांचे मोठे आकर्षण होते.

मात्र या बागेची भरभराट सरकारी देखभालीवर आणि धरणातील पाण्यावर अवलंबून राहिली. देखभाल सैल पडली तसतशी कारंजी बंद पडत गेली आणि रया जात राहिली. दुष्काळाच्या वर्षांत जलाशय मृतसाठ्यापर्यंत उतरला की गर्दीही ओसरे. उलट धरण भरून दरवाजे उघडले, की नदीत झेपावणारे पाणी पाहायला आजही आसपासच्या तालुक्यांतून माणसे लोटतात. १९८६ मध्ये जलाशय पक्षी अभयारण्य घोषित झाला. पाणी बऱ्याच भागात उथळ असल्याने हिवाळ्यात चक्रवाक, स्थलांतरित बदके आणि रोहित पक्षी येथे उतरतात, आणि त्यांच्या मागोमाग दुर्बिणी घेतलेले पक्षीनिरीक्षक काठावर पहाटेच हजर होतात.