कोयता (ऊसतोडीतील मजुरीचे एकक)

कोयता हे ऊस तोडायचे हत्यार. पण मराठवाड्यातला मुकादम, म्हणजे मजूर पुरवणारा ठेकेदार, 'यंदा वीस कोयते नेतोय' म्हणतो तेव्हा तो वीस जोडप्यांबद्दल बोलत असतो. नवरा-बायको मिळून एक कोयता. एकटा माणूस म्हणजे अर्धा. उचल (हंगामाआधी मिळणारी आगाऊ रक्कम) आणि मजुरीचा हिशोब याच एककात होतो. त्यामुळे बीड, जालना, धाराशिवच्या कोरडवाहू गावांत घराची मिळकत बरीचशी एका प्रश्नावर ठरते : घरात धडधाकट जोडपी किती?

दिवाळीच्या सुमारास टोळ्या पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात जातात. कारखान्याचा पट्टा पडला, म्हणजे गाळप संपले, की मार्च-एप्रिलात परततात. उसाच्या फडात सहसा नवरा ऊस तोडतो, बायको मोळ्या बांधून डोक्यावरून गाडीपर्यंत नेते. दिवसाकाठी जोडीचा दीड-दोन टन ऊस होतो. जानेवारी २०२४ मध्ये तोडणीचा दर ३४ टक्क्यांनी वाढून टनाला ३६६ रुपये ठरला. दोन टनांचे झाले ७३२, तेही दोघांचे मिळून. उचल मात्र बहुधा नवऱ्याच्या हातात पडते. ती हंगामात फिटली नाही तर बाकी पुढच्या वर्षावर जाते.

दोन मुलगे, दोन सुना असलेल्या घराला दोन कोयत्यांची उचल मिळते. शेजारच्या घरात जमीन तेवढीच, पण मुलगा अविवाहित असेल तर त्याची अर्ध्या कोयत्याचीच. लग्नाने कोयता पुरा होतो. या भागातल्या बालविवाहांमागे हे गणित मोठे आहे. लग्नाचा खर्चही अनेकदा उचलीतूनच भागतो, म्हणजे नवे जोडपे संसाराला लागते तेच कर्ज घेऊन.

बाईच्या आजारपणाने जोडीचा खाडा होतो आणि खाड्याला दंड असतो. पाळी, बाळंतपण यांनाही त्यात सूट नाही. २०१९ मध्ये नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली शासनाने नेमलेल्या समितीच्या पाहणीत बीड जिल्ह्यातल्या ८२,३०९ महिलांपैकी १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. हा आकडा केवळ आरोग्याच्या रकान्यात टाकून चालणार नाही. मजुरीच्या हिशोबातही त्याची नोंद हवी.

सर्वांत कोंडी होते ती विधवेची किंवा टाकलेल्या बाईची. काम येत असले, अंगात बळ असले, तरी ती अर्धाच कोयता. एकटीला उचल द्यायला मुकादम सहसा तयार होत नाही. मग ती भावाशी किंवा दिराशी जोडी लावते. तेही नसतील, तर मुलगा शाळेतून निघतो आणि आईचा अर्धा कोयता पुरा करतो.