कॅरल गायन

कॅरल गायन : नाताळच्या दिवसांत येशूजन्माची गाणी समूहाने, चर्चमध्ये किंवा दारोदार फिरून गाण्याची ख्रिस्ती परंपरा. यूरोपात बहुतेक देशांची स्वतःची अशी गाणी आहेत. पण जगभर कॅरल म्हणून ओळखला जाणारा प्रकार मुख्यतः इंग्लंडमध्ये घडला, म्हणून या नोंदीत भर तिकडे आहे. कॅरल म्हटले की आज मेणबत्त्या, उंच कमानी आणि पांढऱ्या झग्यांतली मुले डोळ्यांपुढे येतात. प्रत्यक्षात ही गाणी बराच काळ चर्चच्या दाराबाहेरच वाढली.

मध्ययुगात कॅरल हे फेर धरून नाचताना म्हणायचे गाणे होते. एकाने कडवे म्हणायचे, बाकीच्यांनी ध्रुपद उचलायचे. विषय नाताळचाच हवा असेही नव्हते. इटलीत असिसीच्या संत फ्रान्सिसने १२२३ च्या नाताळात ग्रेचो गावी गव्हाण, बैल आणि गाढव यांसह येशूजन्माचा देखावा मांडला आणि त्याच्या पंथातील साधूंनी लोकभाषेतली भक्तिगीते गावोगाव नेली. इंग्लंडमध्ये श्रॉपशर परगण्यातील जॉन ऑडली या अंध धर्मगुरूच्या १४२६ च्या सुमाराच्या हस्तलिखितात पंचवीस कॅरले आहेत. १५२१ मध्ये विंकिन द वर्ड या मुद्रकाने छापलेल्या कॅरल-संग्रहाचा थोडाच भाग उरला आहे. त्यात गव्हाणीतले बाळ नाही; शिकारीचे गाणे आहे आणि रानडुकराचे मुंडके मेजवानीत मिरवत आणताना म्हणायचे गाणे आहे. त्या काळच्या नाताळाची कल्पना यावरून नीट येते.

प्यूरिटन, म्हणजे बायबलाबाहेरचे विधी-सण नाकारणाऱ्या कडव्या प्रॉटेस्टंटांच्या, राजवटीला हा सगळा प्रकार खपला नाही. बायबलात आधार नसलेला सण म्हणून १६४७ मध्ये पार्लमेंटने नाताळ रद्द केला. त्या वर्षी सणाच्या दिवशी दुकाने उघडी ठेवण्याच्या सक्तीवरून कँटरबरीत दंगल उसळली. १६६० मध्ये राजेशाही परतली, तसा सणही परतला; चर्चने मात्र गाण्यांबाबत हात आखडताच ठेवला. बायबलमधील स्तोत्रांची पद्यरूपे तेवढी उपासनेत चालत. १७०० मध्ये नेहम टेट याने लूकच्या शुभवर्तमानातील मेंढपाळांचा प्रसंग पद्यात आणला आणि त्याला स्तोत्रसंग्रहाच्या पुरवणीत जागा मिळाली. पुढे बराच काळ अधिकृत मान्यतेचे नाताळगीत हे एवढेच होते.

गावकऱ्यांनी यातूनही वाट काढली. टेटच्या गीताचा छंद इतका सरळ आहे की एकच अभंग दहा चालींत म्हणावा तसे ते कोणत्याही चालीत बसते. गावोगावच्या चर्चमधल्या सज्जात व्हायोलिन, चेलो आणि बासून हे फुंकून वाजवायचे वाद्य घेऊन बसणाऱ्या वादक-गायकांनी त्याला भराभर चाली लावल्या. कँटरबरीचा टॉमस क्लार्क हा व्यवसायाने बूट शिवणारा. १८०५ च्या सुमारास छापलेल्या त्याच्या ‘क्रॅनब्रुक’ या चालीवर हे गीत गायले जाई; आज तीच चाल यॉर्कशरच्या एका विनोदी लोकगीताची म्हणून इंग्लंडभर माहीत आहे.

एकोणिसाव्या शतकात चर्चमध्ये ऑर्गन आले, शिस्तीचे गायकवृंद आले आणि सज्जातली मंडळी बाहेर पडली. शेफील्डच्या वायव्येकडील स्टॅनिंग्टन, डंगवर्थ या गावांत त्यांची गाणी पबमध्ये गेली आणि तिथेच टिकली. नोव्हेंबरच्या मध्यापासून नाताळच्या दुसऱ्या दिवसापर्यंत, मुख्यतः रविवारी दुपारी, पब माणसांनी गच्च भरतो. हातात बिअरचा ग्लास, गाणी बहुतेकांना तोंडपाठ. वरच्या आवाजांनी ओळ टाकली की खर्जातले पुरुष ती मागाहून उचलून पुन्हा घोळतात. टेटचे मेंढपाळ एकाच बैठकीत वेगवेगळ्या चालींत येतात आणि कोणाला त्याचे नवल वाटत नाही. कॅरलची जुनी तऱ्हा पाहायची तर कॅथीड्रलपेक्षा इथे जावे.

शहरी विद्वानांना मात्र ही परंपरा संपत आल्यासारखी वाटत होती. डेव्हिस गिल्बर्टने १८२२ मध्ये आणि विल्यम सँडीजने १८३३ मध्ये जुनी कॅरले गोळा करून छापली. आज सर्रास गायले जाणारे ‘द फर्स्ट नोएल’ घरोघर पोचण्यात या संग्रहांचा मोठा वाटा आहे. व्हिक्टोरियन काळात नवी गाणीही घडवली गेली, काही अगदी जोडकामाने. ‘हार्क! द हेरल्ड एंजल्स सिंग’ याचे मूळ शब्द चार्ल्स वेस्लीचे (१७३९), पण हा गाजलेला मुखडा जॉर्ज व्हाइटफील्डने बदलून घेतलेला. चाल जर्मन संगीतकार मेंडेल्सोनची, तीही मुद्रणकलेच्या उत्सवासाठी १८४० मध्ये केलेल्या रचनेतली. धार्मिक शब्दांना ती शोभणार नाही, असे खुद्द त्याचे मत होते. त्याच्या मृत्यूनंतर, १८५५ मध्ये, विल्यम कमिंग्जने दोन्ही जुळवले आणि ते जुळले ते कायमचे.

इंग्लंडबाहेरचे सर्वांत प्रसिद्ध गीत ऑस्ट्रियातले. साल्झबुर्गजवळच्या ओबर्नडॉर्फ येथे २४ डिसेंबर १८१८ रोजी योझेफ मोर या धर्मगुरूची कविता फ्रान्त्स ग्रूबर या शाळामास्तराने दोन आवाज आणि गिटार यांसाठी बांधली. तेच ‘श्टिले नाख्ट’, म्हणजे ‘सायलेंट नाइट’. उंदरांनी ऑर्गनचा भाता कुरतडला म्हणून गिटार घ्यावी लागली, ही गोष्ट रंजक असली तरी ग्रूबरने १८५४ मध्ये स्वतः लिहिलेल्या हकिकतीत ती नाही.

कॅरल चर्चमध्ये मानाने बसले ते १८८० मध्ये. कॉर्नवॉलमधील ट्रूरोचे कॅथीड्रल बांधायचे होते, तेव्हा लाकडी शेडमध्ये बिशप एडवर्ड बेन्सनने नाताळच्या पूर्वसंध्येला नऊ बायबल-पाठ आणि मधूनमधून कॅरले अशी उपासना घेतली. केंब्रिजच्या किंग्ज कॉलेजने ती १९१८ मध्ये, महायुद्ध संपताच, आपलीशी केली. १९२८ पासून ती रेडिओवर ऐकू येऊ लागली. आरंभीचे कडवे एकटा मुलगा साथीविना गातो. तो कोण हे आयत्या वेळी, संचालकाच्या खुणेने ठरते. आधी कळले तर पोराची रात्रीची झोप उडायची.

भारतात हा प्रकार मिशनऱ्यांबरोबर आला, पण येशूजन्माचे मराठी गायन त्याहून जुने आहे. १५७९ मध्ये गोव्यात आलेल्या थॉमस स्टीफन्स या जेझुइट पंथाच्या इंग्रज धर्मगुरूचे ‘क्रिस्तपुराण’ १६१६ मध्ये छापले गेले. त्यातला जन्मप्रसंग ओव्यांत आहे आणि गोव्यातले भाविक ते पुराण चर्चमध्ये म्हणत. म्हणजे इंग्लंडात नाताळावर बंदी येण्याच्या तीस वर्षे आधीच एका इंग्रजाने येशूजन्म ओवीबद्ध केला होता. पुढे रेव्हरंड ना. वा. टिळकांनी (१८६१–१९१९) भजन-अभंगाच्या वळणाने ख्रिस्ती गीते लिहिली. मराठी मंडळ्यांत ती आजही गायली जातात. डिसेंबरात वसई, मुंबई, पुणे येथील चर्चची तरुण मंडळी संध्याकाळी गिटार, ढोलकी घेऊन घरोघर जातात. सांताक्लॉजच्या वेषातला एकजण बरोबर असतो. इंग्रजी, मराठी, कोकणी अशी जमेल ती गाणी होतात, फराळाचे ताट फिरते आणि मिळालेली वर्गणी बहुधा धर्मादाय कामाला जाते.