पात्र असणं वेगळं, योग्य असणं वेगळं

चाकणच्या एका कारखान्यात क्वालिटी इन्स्पेक्टरच्या दोन जागा भरायच्या होत्या. मुलाखत घेणाऱ्या तिघांत मी होतो. सकाळपासून अकरा-बारा मुलं येऊन गेली आणि प्रत्येकाला शेवटी आम्ही एकच विचारलं, "या कामाला तूच योग्य का?" उत्तरं जवळपास सारखीच आली. "सर, माझा मेकॅनिकलचा डिप्लोमा झालाय, डिस्टिंक्शन आहे. एमएस-सीआयटी पण केलंय. मी मेहनती आहे, प्रामाणिक आहे, दिलेलं काम मन लावून करतो."

यातलं काहीच खोटं नव्हतं. पण डिप्लोमा, टक्के, एमएस-सीआयटी हे सगळं समोरच्या कागदावर होतं. ते होतं म्हणून तर मुलगा त्या खुर्चीपर्यंत आला. आम्ही विचारलं होतं योग्य का, आणि उत्तर मिळत होतं पात्र का याचं. त्या दिवशी चांगली, हाताला वळण असलेली मुलं परत गेली. याची मला अजून हळहळ वाटते, कारण कमी पडलं ते त्यांचं काम नव्हे. प्रश्न ऐकण्यात चूक झाली होती.

बोलताना आपण हे दोन शब्द सर्रास एकमेकांच्या जागी वापरतो. जाहिरातीत मात्र ते सहसा मिसळत नाहीत. तिथे 'शैक्षणिक अर्हता', 'वयोमर्यादा', 'पात्रतेच्या अटी' असं लिहिलेलं असतं. पात्रता हा उंबरठा आहे. तुम्ही त्याच्या आत असता किंवा बाहेर. तुम्हाला न बघता, नुसती कागदपत्रं लावून ती तपासता येते. ५९ टक्क्यांवाला आणि ८९ टक्क्यांवाला, दोघंही ५५ टक्क्यांच्या अटीला सारखेच पात्र. योग्यता अशी तपासता येत नाही, कारण ती एकट्या उमेदवारात नसतेच. ती उमेदवार आणि काम यांच्या मध्ये असते. शब्दांच्या मुळातही हा फरक दिसतो. पात्र म्हणजे भांडं. सत्पात्री दान म्हणताना आपण घेणारा कसा आहे एवढंच बघतो. योग्य हा शब्द मात्र जोडणं या अर्थाच्या 'युज्' धातूतून आलाय आणि जोडायला दोन बाजू लागतात.

शिक्षक व्हायचं असलेल्यांना हा फरक परीक्षांच्या नावांतच वाचता येतो. टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा. १५० गुण, खुल्या प्रवर्गासाठी ६० टक्क्यांची रेघ. रेघ ओलांडली की तुम्ही पात्र, पण त्याने नोकरी मिळत नाही. त्यानंतरची चाचणी २०० गुणांची आणि तिचं नाव शिक्षक अभियोग्यता व बुद्धिमत्ता चाचणी. इथे पास-नापास नाही, गुणांप्रमाणे क्रम लागतो. पुढे खासगी संस्थेतली मुलाखतीसह भरायची जागा असेल, तर प्रत्यक्ष शिकवून दाखवावं लागतं. एकाच नोकरीच्या वाटेवर आधी पात्रता आणि मग योग्यता अशी दोन वेगळी दारं आहेत. पहिल्या दाराची किल्ली दुसऱ्याला लागत नाही.

मग मुलाखतीत एवढा गोंधळ का होतो? मला दोन कारणं दिसतात. एक तर शाळेपासून आपल्याला गुणपत्रिकेने बोलायची सवय लागलेली असते. नातेवाइकांकडे गेलं तरी पहिला प्रश्न "किती टक्के पडले?" हाच. दुसरं कारण जास्त खोल आहे. "तू योग्य का?" हे ऐकताना मुलांच्या कानात "तुझी लायकी काय?" असं वाजतं. लायकी हा शब्द मराठीत माणसाला खाली बसवायला वापरला जातो. तो ऐकला की माणूस स्वतःचा बचाव करू लागतो आणि बचावाला हाताशी काय असतं, तर प्रमाणपत्रं आणि 'मी प्रामाणिक आहे'सारखी वाक्यं. खरं तर योग्यतेच्या प्रश्नात तुमची किंमत कोणी करत नसतं. हे काम आणि हा माणूस जुळतात का, एवढंच समोरच्याला बघायचं असतं.

म्हणून उत्तराची सुरुवात स्वतःपासून न करता कामापासून करायला हवी. इन्स्पेक्टरच्याच जागेचं बघू, कारण ते काम मी वीस वर्षं जवळून पाहिलंय.

जाहिरातीत ओळ असते, 'मापन उपकरणांचं ज्ञान आवश्यक.' ही पात्रता. व्हर्नियर ०.०२ मिलिमीटरपर्यंत वाचतो, साधा मायक्रोमीटर ०.०१ पर्यंत, हे डिप्लोमाच्या आणि आयटीआयच्या प्रत्येक मुलाने केलेलं असतं. पण लाइनवरच्या इन्स्पेक्टरचं खरं काम माप वाचण्यापुरतं नसतं. समजा शाफ्टचा व्यास २५ मिलिमीटर आहे आणि ड्रॉइंगवर त्याला वरच्या बाजूला शून्य, खालच्या बाजूला ०.०२ एवढी सूट दिलीय. म्हणजे २४.९८ ते २५.०० यात बसणारा प्रत्येक पीस ओके. आता दर तासाला तपासताना डिजिटल मायक्रोमीटरवर २४.९८५, मग २४.९९०, मग २४.९९५ असं माप येतंय. तिन्ही पीस ओके आहेत. पण बाहेरचा व्यास कापणारं टूल झिजलं की व्यास हळूहळू वाढत जातो आणि पुढच्या एक-दोन फेऱ्यांत तो २५ ओलांडण्याची दाट शक्यता आहे. चांगला इन्स्पेक्टर तिसऱ्या मापालाच ऑपरेटरला सांगतो, "दादा, टूल बघून घ्या." ऑपरेटर त्याच्यापेक्षा पंधरा वर्षांनी मोठा असतो. डिस्पॅचची गाडी गेटवर उभी असते. सुपरवायझर प्रॉडक्शनचा आकडा मोजत असतो. अशा वेळी बावीस वर्षांच्या मुलाने मशीन थांबवायला सांगायचं आणि भांडण होऊ न देता सांगायचं, हे ते काम आहे.

मुलाखत घेणाऱ्याच्या मनातही तेच चाललेलं असतं. हा रात्रपाळीत पहाटे चारला माप घेईल, की न घेता तक्त्यात आकडा भरेल? दबाव आला की नापास मालाच्या लाल बिनमधला पीस ओके मालाच्या हिरव्यात जाऊ देईल का? सहा महिन्यांत सोडून तर जाणार नाही? या शंकांपैकी एकीचं जरी तुमच्या आयुष्यातल्या खऱ्या प्रसंगाने निरसन झालं, तरी ते योग्यतेचं उत्तर.

त्या दिवशी एका मुलीने असं उत्तर दिलं. तिला टक्के बेताचे होते. ती म्हणाली, "सर, आमच्या गावात दूध संकलन केंद्र आहे. दोन वर्षं सकाळी फॅट काढायला मीच बसायचे. फॅट कमी लागली की लोक रागवायचे, त्यात माझे चुलतेही होते. मी त्यांच्यासमोर परत टेस्ट करून दाखवायचे, पण आकडा बदलला नाही. इथेही मापच घ्यायचंय आणि ते आवडलं नाही तरी सांगायचंय." तिने मी प्रामाणिक आहे असं एकदाही म्हटलं नाही. आम्हाला मात्र ते कळलं. तिला काय येत नाही, तेही तिने सांगितलं. हाइट गेजवर, म्हणजे उंची मोजायच्या उपकरणावर, हात बसलेला नव्हता. त्याने काहीच बिघडलं नाही, कारण हाइट गेज आठवड्याभरात शिकवता येतो.

मेहनती, प्रामाणिक, शिकण्याची तयारी हे शब्द मुलाखतीत वाया जातात, कारण ते कुठल्याही कामाला चालतात. स्वतःचं उत्तर तपासायची सोपी रीत आहे. तेच उत्तर दुसऱ्या पदासाठी, समजा स्टोअरकीपरच्या जागेसाठी, जसंच्या तसं देता येतं का ते बघा. येत असेल, तर ते योग्यतेचं उत्तर नाही. दूध केंद्रातल्या मुलीचं उत्तर सेल्सच्या जागेला चाललं नसतं.

पात्रता जास्त असेल तर योग्यताही आपोआप वाढते, हा आणखी एक समज. बी.ई. झालेली मुलं डिप्लोमाच्या जागेसाठी येतात आणि पदवी पुढे करतात. समोरच्याला त्यात धोका दिसतो, कारण दुसरी ऑफर आली की हा जाणार. अशा वेळी पदवीची आठवण करून देण्यापेक्षा त्या शंकेला सरळ हात घालावा. "मला डिझाइनमध्ये बसण्याआधी दोन-तीन वर्षं शॉप फ्लोअरवर काढायची आहेत, पाळीत काम करायला माझी तयारी आहे" हे खरं असेल तर सांगावं. खरं नसेल, तर त्या जागेसाठी तुम्ही पात्र असूनही योग्य नाही आणि ते तुम्हाला आधी कळलेलं बरं. नाही तर तीन महिन्यांत दोघांनाही त्रास.

बँकेच्या मुलाखतीत याच्या शेजारचा एक गोंधळ दिसतो. सरकारी बँकांसाठी परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएस या संस्थेच्या प्रोबेशनरी ऑफिसर भरतीत मुलाखत १०० गुणांची असते आणि अंतिम यादीत मुख्य परीक्षेला ८०, तर मुलाखतीला २० असं वजन मिळतं. पॅनेलसमोर बसलेला प्रत्येक जण पदवीधर असतो आणि परीक्षेतून निवडून आलेला असतो. म्हणजे पात्रतेचा विषय तिथे संपलेला. इंजिनिअर मुलांना हमखास विचारतात, "बँकेतच का?" आणि पाठोपाठ, "आम्ही तुम्हालाच का घ्यावं?" बरीच मुलं दोन्हींना एकच उत्तर देतात, स्थिर नोकरी आणि लोकांची सेवा. पहिला प्रश्न तुम्हाला काय हवंय याचा आहे. दुसरा, शाखेला तुमच्याकडून काय मिळेल याचा. स्थिर नोकरी हे पहिल्याचं अगदी सच्चं उत्तर आहे, त्यात लाजण्यासारखं काही नाही. दुसऱ्याला मात्र ते निरुपयोगी आहे.

शेतकऱ्याच्या घरातल्या मुलाकडे दुसऱ्या प्रश्नासाठी केवढं भांडवल असतं! सातबारा आणि आठ-अ त्याने लहानपणापासून पाहिलेले असतात, फेरफार अडकला की कर्ज कसं अडकतं ते घरात भोगलेलं असतं. पण ही पदं देशभरातली आहेत. पोस्टिंग ओडिशात झालं तर तिथल्या जमिनीच्या कागदांची रीत वेगळी. मग नुसतं "मला सातबारा वाचता येतो" म्हणून भागत नाही. त्याच्या पुढचं म्हणता यायला हवं: "पीककर्जाचा हप्ता पगारासारखा दर महिन्याला येत नाही, माल विकला की येतो, हे मी घरी पाहिलंय. त्यामुळे थकबाकीदाराशी कधी आणि कसं बोलायचं याचा मला अंदाज आहे." हे कुठल्याही राज्यातल्या ग्रामीण शाखेत कामाचं आहे. आणि खरं अनुभवलेलं असेल तर पुढच्या दोन उपप्रश्नांतही ते टिकतं. पाठ केलेलं उत्तर पहिल्याच उपप्रश्नाला गळतं, हे मी इतक्यांदा बघितलंय की आता उत्तराच्या पहिल्या वाक्यातच ओळखू येतं.

"पण आम्हाला अनुभवच नाही," असं नवी मुलं म्हणतात. त्यांच्या जागेला अनुभवाची अट नसते. ती असती तर ती पात्रतेत आली असती आणि बोलावणंच आलं नसतं. योग्यतेला पगारी अनुभवच लागतो असं कुठे आहे? १९६१च्या शिकाऊ उमेदवारी कायद्याखाली ॲप्रेंटिसशिप केली असेल, तर कारखान्यातले ते दिवस हाच साठा. तीही नसेल, तर गणेश मंडळाची वर्गणी आणि खर्च लिहिलेली वही, वडिलांबरोबर उघडून बसवलेली पाण्याची मोटर, आईच्या शिवणकामाच्या गिऱ्हाइकांना सांभाळलेलं. मुलं हे सांगायला लाजतात. घरचं काम म्हणजे काम नव्हे असं त्यांना कोणीतरी शिकवलेलं असतं. अकाउंट्स असिस्टंटच्या जागेला मंडळाची वही सांगा आणि हिशोबात दोनशे रुपयांचा फरक आला तेव्हा तो कसा शोधला तेही सांगा. मेंटेनन्सच्या जागेला मोटर सांगा, वाइंडिंग जळालं होतं की कपॅसिटर गेला होता ते सांगा.

आमच्या पंचक्रोशीतली मुलं मुलाखतीला जाण्याआधी अधूनमधून माझ्याकडे येतात. मी त्यांना जाहिरात छापून आणायला सांगतो आणि दोन रंगांची पेनं देतो. ज्या अटी कागद दाखवून पूर्ण होतात त्यांच्याखाली निळी रेघ. शिक्षण, वय, टायपिंगचं प्रमाणपत्र, लायसन्स. उरलेल्या मजकुरात रोज उठून करायचं काम जिथे जिथे लिहिलंय, तिथे लाल. 'ग्राहकांच्या तक्रारी हाताळणे', 'तिन्ही पाळ्यांत काम', 'साठ्याचा हिशोब ठेवणे'. निळ्या रेघांची कागदपत्रं फाइलमध्ये लावून टाकायची आणि त्यावर बोलायचं नाही, विचारलं तरच. मग प्रत्येक लाल रेघेसमोर आपल्या आयुष्यातला एक प्रसंग लिहायचा. मागच्या आठवड्यात आलेल्या मुलाच्या कागदावर पाच लाल रेघा होत्या. दोनच्या समोर प्रसंग लगेच सापडला, एकीसमोर आईला विचारून आठवला, दोन रिकाम्या राहिल्या. त्या रिकाम्या जागांचं काय करू, असं त्याने विचारलं. मी म्हटलं, तशाच राहू दे, आणि विचारलं तर हे अजून केलेलं नाही असं सांग. तो सोमवारी रांजणगावला जातोय.