पारव्याची पिसं (ओळख)

पारवा म्हणजे आपलं शहरातलं नेहमीचं कबूतर, शास्त्रीय नाव कोलंबा लिव्हिया. गॅलरीत, जिन्यात, एसीच्या युनिटमागे सापडणारं राखाडी पीस बहुतेक वेळा याचंच असतं.

उडायची मोठी पिसं, म्हणजे प्रायमरी, प्रत्येक पंखात १० आणि शेपटीत पिसं १२. दांडीच्या दोन बाजूंच्या पात्यांपैकी प्रायमरीचं एक पातं अरुंद, दुसरं रुंद. शेपटीच्या मधल्या पिसाची दोन्ही पाती जवळपास सारखी. शेपटीच्या पिसाला टोकाजवळ काळपट पट्टा असतो आणि अगदी कडेच्या पिसाची बाहेरची बाजू बुडाकडे पांढरट, हे एकदा पाहिलं की बाकी फार शोधावं लागत नाही. अंगावरचं छोटं पीस मात्र फसवतं, तिथे दांडी बघायची: बुडाशी जाड, चपटी आणि टोकाकडे पटकन बारीक होत जाणारी, खालचा बराच भाग नुसता कापसासारखा. होल्याच्या शेपटीच्या बाहेरच्या पिसांची टोकं पांढरी असतात. कावळा आणि घारीच्या बाहेरच्या प्रायमरींना टोकाकडे स्पष्ट खाच असते, पारव्यात ती इतकी जाणवत नाही.

युरोपियन पुस्तकं कमरेचं पीस पांढरं असतं म्हणतात, ते आपल्याकडे धरून चालू नये. इंग्लिश पक्षीशास्त्रज्ञ स्ट्रिकलंडने १८४४ मध्ये वर्णन केलेल्या भारतीय उपजातीची, इंटरमिडियाची, कंबर निळसर राखाडी असते आणि डार्विननेही १८५९ मध्ये हा फरक नोंदवलाय. अर्थात शहरातले थवे पाळीव कबुतरांशी इतके मिसळलेत की पांढऱ्या कमरेचे पक्षीही दिसतात, म्हणून एका पिसावरून उपजात ठरवू नये.

खरा घोळ नक्षीचा. साध्या पारव्याच्या पंखावर दोन काळे पट्टे असतात, एक मोठ्या आच्छादक पिसांवर आणि दुसरा सेकंडरींवर (पंखाच्या आतल्या भागातली उडायची पिसं), त्यामुळे सुटं पीस हातात आलं तर पट्ट्याचा फक्त एक तुकडा दिसतो. चेकर पक्ष्यात मात्र आच्छादक पिसांवरही काळे ठिपके विखुरलेले असतात. यातलं आधीचं कोणतं? डार्विनचा कल पट्टेवाल्याकडे होता. अमेरिकन प्राणीशास्त्रज्ञ चार्ल्स ओटिस व्हिटमन (१८४२–१९१०) यांनी उलट चेकर हीच मूळ नक्षी आणि पट्टे नंतरचे असं मांडलं, आणि त्यांनी कबुतरं अनेक वर्षं पाळून अभ्यासलेली असल्याने ते मत सहज उडवून लावता येत नव्हतं. २०१८ मध्ये उटा विद्यापीठाच्या गटाने ही नक्षी एनडीपी या जनुकाजवळच्या फरकांशी जोडली आणि चेकरचा हा तुकडा आफ्रिकेतल्या कोलंबा गिनिया या वेगळ्याच जातीकडून, बहुधा माणसाने कबुतरं पाळायला घेतल्यानंतर संकरातून आलेला असावा असं दाखवलं. म्हणजे पारव्यापुरते पट्टेच आधीचे, हे जास्त पटण्यासारखं आहे. विटकरी पक्ष्यांची गोष्ट वेगळी, तो टीवायआरपी१ जनुकाचा बदल, आणि त्यांच्या शेपटीवर काळा पट्टा नसतो, म्हणजे वर सांगितलेली सगळ्यात सोपी खूणच तिथे गायब!

मानेचं पीस तिरकं करून बघा, हिरवं जांभळं होतं. तिथे हिरवा रंगकण नाही; पिसाच्या बारीक तंतूंवर केराटिनचा (पिसं, नखं ज्याची बनतात त्याचा) पातळ थर असतो, त्यात प्रकाशलहरी एकमेकींत मिसळून रंग दिसतो, साबणाच्या फुग्यावर दिसतो तसा. पिल्लात ही चमक नसते.

प्रायमरी आतून बाहेर एकेक करून गळतात आणि या सगळ्याला सहा महिन्यांच्या आसपास लागतात, त्यामुळे गळलेली पिसं एका पावसाळ्यापुरती नसतात. पिसांबरोबर पांढरी पूडही पडते. खिडकीच्या काचेवर पंखाचा धुरकट ठसा उमटतो तो हिचाच. विष्ठेइतकी ही पूडही काहींच्या फुप्फुसाला बाधते, २०२५ मध्ये दादरच्या कबुतरखान्याच्या वादात आरोग्याचा मुद्दा आला त्यामागे हेही होतं. तेव्हा पीस हाताळल्यावर हात धुवावेत.

पीस फाटलेलं किंवा नुसता कापूस उरला असेल तर मायक्रोस्कोप लागतो. कबूतर-होला कुळात तंतूंवरच्या गाठी पाकळ्या उघडल्यासारख्या फुगीर असतात. विमानाला धडकलेले पक्षी अशा खुणांवरून ओळखायची पद्धत अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयाच्या रॉक्सी लेबोर्न यांनी १९६० नंतर बसवली. पण या गाठींवरून कूळ कळतं; पारवा की होला हे ठरवायला रंग, माप आणि पीस कुठे सापडलं तेच बघावं लागतं.