तुमच्या इंग्रजी मजकुरावर आम्ही लाल खुणा का करतो?

सप्रेम नमस्कार.

बायोडेटा, अर्ज, कोटेशन असा इंग्रजी मजकूर तुम्ही आमच्याकडे टाइप करायला आणि तपासायला देता. परत मिळालेल्या प्रतीवर लाल खुणा दिसल्या की हमखास प्रश्न येतो : "एवढासा 'अ' राहिला तर काय बिघडलं?" गर्दीच्या वेळी नीट सांगता येत नाही, म्हणून हे पत्रक.

जास्तीचा 'स'

सर्वांत जास्त खुणा याच्यावर पडतात. फर्निचर्स, इक्विपमेंट्स, मशिनरीज. खुर्ची, टेबल, कपाट मोजता येतं. फर्निचर हे त्या सगळ्याचं मिळून नाव आहे. आपला 'किराणा' तसाच. साखर, डाळ, तेल कितीही भरलं तरी 'दोन किराणे आणले' असं कोणी म्हणत नाही. मोजायचंच असेल तर आपण 'सामानाचे तीन नग' म्हणतो. इंग्रजीत त्या नगाच्या जागी 'पीस' येतो : थ्री पीसेस ऑफ लगेज, टू पीसेस ऑफ इक्विपमेंट.

मात्र दर वेळी मराठी कानावर विसंबू नका. माहिती आपणही मोजत नाही, त्यामुळे 'इन्फर्मेशन्स' लगेच खटकतं. पण सल्ले आणि बातम्या आपण मोजतो, इंग्रजीत ॲडव्हाइस आणि न्यूज मोजत नाहीत. आपले केस पांढरे होतात. डोक्यावरचं 'हेअर' मात्र एकवचनीच. यात तर्कापेक्षा वहिवाट मोठी. आपल्याकडेच बघा : गहू महागले, पण ज्वारी महागली. दोन्ही धान्यंच ना? इंग्रजीत तसंच 'व्हीट' एकवचनी आणि 'ओट्स' अनेकवचनी. असे शब्द पाठच करावे लागतात.

बायोडेटातला 'एक्सपीरियन्स' विशेष जपा. नोकरीचा पाच वर्षांचा अनुभव मोजत नाहीत, तिथे 'एक्सपीरियन्स' एवढंच. 'एक्सपीरियन्सेस' लिहिलंत की अर्थ होतो आयुष्यात आलेले बरेवाईट प्रसंग. रजेच्या अर्जातही 'अ लीव्ह' नको, नुसतं 'लीव्ह'.

'अ' की 'द'?

यांच्यासाठी मराठीत वेगळे शब्द नाहीत, पण तो भेद आपण रोज करतो. "मी डॉक्टर शोधतोय" म्हणजे कोणीही चालेल. "मी डॉक्टरांना शोधतोय" म्हणजे ठरावीक डॉक्टर. पहिल्याला 'अ डॉक्टर', दुसऱ्याला 'द डॉक्टर'. कहाणीतही आधी 'एक राजा होता' आणि पुढे नुसता 'राजा' येतो. आपला 'एक' गळतो तिथे इंग्रजीत बहुधा 'द' लागतो.

आता काय बिघडतं ते पाहा. ग्राहकाच्या तक्रारीला उत्तर देताना 'वी विल रिप्लेस द मशीन' लिहिलं, तर तक्रार आलेलं तेच यंत्र बदलून देण्याचा शब्द तुम्ही दिलात. 'अ मशीन' लिहिलं, तर कोणतं तरी एक यंत्र बदलू, एवढंच उरतं. एका अक्षरावरून उद्या वाद होऊ शकतो.

'अ' की 'ॲन'?

इथे देवनागरी आपल्या मदतीला येते. पुढचा शब्द उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहा. सुरुवातीला स्वर आला तर 'ॲन', व्यंजन आलं तर 'अ'. ऑनेस्ट, अवर, एमबीए यांच्याआधी 'ॲन'. युनिव्हर्सिटी, वन-डे, बीई यांच्याआधी 'अ'. इंग्रजी स्पेलिंगकडे बघूच नका. फसवतो तो 'इयर' : वर्षाच्या अर्थी खरा उच्चार 'यिअर', म्हणून 'अ', कानाच्या अर्थी 'इअर', म्हणून 'ॲन'.

या 'ॲन'मधल्या 'न'नं खुद्द इंग्रजांनाही चकवलं आहे. क्रिकेटमधला 'अंपायर' मुळात 'नंपायर'सारखा शब्द होता, फ्रेंचमधून आलेला. अर्थ, दोघांच्या बरोबरीचा नसलेला, म्हणजे तिऱ्हाईत. 'अ'ला लागून बोलता बोलता त्याचा 'न' सुटून 'अ'ला चिकटला आणि 'ॲन अंपायर' झाला. आम्हाला हा शब्द फार आवडतो.

मजकूर देताना एवढं करा : वस्तू एक की अनेक, आणि वाचणाऱ्याला ती आधीपासून माहीत आहे का, हे समासात पेन्सिलीनं मराठीत लिहा. मग 'अ' लावायचा की 'द' हे विचारायला तुम्हाला फोन करावा लागत नाही आणि प्रत त्याच दिवशी हातात देता येते.