दिवा विझवला की खरी काळजी

पावसातलं शूटिंग संपतं, पॅकअप होतं, दिवे बंद करून मंडळी चहाकडे वळतात. दिव्यात पाणी शिरतं ते बहुधा याच वेळी.

पेटलेल्या एलईडी दिव्याच्या आतली हवा तापलेली असते. समजा, ती ७० अंश सेल्सिअसवरून २० अंशांवर उतरली, तर घट्ट बंद असलेल्या पेटीतला दाब सुमारे १५ टक्क्यांनी घटतो. जोडावरच्या रबरी पट्टीला कुठे बारीकशी फट असली, की तिथे साचलेलं पाणी आत ओढलं जातं. सकाळी काचेवर आतून धुकं धरलेलं दिसतं, ते असं. म्हणून बऱ्याच जलरोधक दिव्यांना एक सच्छिद्र पडदा बसवलेला असतो. तो हवेला वाट देतो, थेंबाला अडवतो. ‘इथे भोक राहिलंय’ म्हणत त्यावर टेप चिकटवणारेही भेटतात!

अशा दिव्यावर बरेचदा ‘आयपी ६५’ ही धूळ-पाण्यापासूनच्या बचावाची श्रेणी लिहिलेली असते. त्यातला ६ सांगतो, की धूळ आत जात नाही. ५ सांगतो, की नळीचा फवारा सोसतो. पण ही चाचणी गोड्या पाण्याची. समुद्रकाठचं मीठ हे वेगळंच प्रकरण आहे. हवेतली आर्द्रता साधारण ७५ टक्क्यांवर गेली, की मीठ हवेतलाच ओलावा शोषून पाझरू लागतं. मग पाऊस नसतानाही प्लगच्या पिना ओल्या राहतात, गंजतात, आणि खारट पाण्यातून वीज नको तिथे पोचते. कोरड्या फडक्याने मीठ नुसतं पसरतं. वीजजोडणी काढून आधी गोड्या पाण्यात पिळलेलं फडकं फिरवावं, कोरडं नंतर.

धुळीत दिवा प्लास्टिकमध्ये गच्च गुंडाळण्याचा मोह होतो. पण एलईडीची बरीचशी उष्णता प्रकाशाबरोबर पुढे जात नाही, मागच्या धातूच्या पात्यांतून बाहेर पडते. तीच वाट बुजवली तर दिवा आतल्या आत भाजतो. आच्छादन छत्रीसारखं वरून असावं, खालून मोकळं. आणि काच लगेच पुसू नये. वाळूतले क्वार्ट्झचे कण काचेहून कठीण असतात. आधी मऊ ब्रशने झटकलं नाही, तर फडक्याचा सँडपेपर होतो.

बर्फात अडचण येते ती दिवा उबदार खोलीत आणताना. २० अंशांच्या हवेत घनमीटरला १७ ग्रॅमपर्यंत वाफ मावते, उणे १० अंशांना जेमतेम अडीच. खोलीतली ही वाफ गारठलेल्या दिव्यावर, अगदी आतल्या सर्किटवरसुद्धा, दव होऊन बसते. त्यामुळे दिवा बाहेरच्या कोरड्या थंडीतच प्लास्टिकच्या पिशवीत घालून तोंड घट्ट बांधायचं आणि मग आत आणायचा. दव पिशवीवर धरतं. दोन-तीन तास तिला हात लावायचा नाही, आणि गारठलेल्या लिथियम बॅटऱ्याही तोवर चार्जरला लावायच्या नाहीत.